आमचा मोती पाय का चाटतो?

कुत्र्याविषयी लिहायला बसले की वाचकांचे आपोआप दोन तट पडतात. ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांचा एक, आणि ज्यांच्या शेजाऱ्याकडे आहे त्यांचा दुसरा. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी दुसऱ्या तटात सुखाने नांदत होतो. मग मोती आमच्या घरी आला, आणि आज मी दिवाळी अंकात कुत्र्याच्या पायावर लेख लिहितो आहे!

मोती मुळात आमचा नव्हेच. तो अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आई गेल्यानंतर अण्णा आणि मोती असे दोघेच राहत. ‘नगरला आमच्याकडे चला’ असे मी त्यांना किती वेळा म्हटले असेल! ‘मग मोतीचे काय करू?’ हे उत्तर ठरलेले. (आमचे गाव-जिल्हा कागदोपत्री २०२४ सालापासून अहिल्यानगर झाले आहे, बोलताना मात्र आम्ही अजून नगरच म्हणतो.) मोती काही जातिवंत प्रकरण नव्हे. अंगाने तांबूस, चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा रंग, एक कान उभा आणि दुसरा विचारात पडलेला. त्याच्यात धनगरी कुत्र्याचे रक्त आहे असे अण्णांचे मत होते, आणि अण्णांच्या मताला पुरावा लागत नसे. आमच्याच तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाचे मोठे ठाणे आहे. खंडोबाबरोबर कुत्रा हा असायचाच. तेव्हा कुत्र्यावर हात उगारायचा नाही, हा आमच्या घरचा जुना दंडक.

गेल्या वर्षी श्रावणात अण्णा गेले. दसऱ्यापर्यंत शेजारच्या मंडळींनी मोतीला भाकरी घातली. दसरा झाल्यावर घर आवरून कुलूप लावायला आम्ही गेलो. दोन दिवस मोती माझ्या मागे बांधावरून, माळावरून हिंडला. तिसऱ्या दिवशी त्याला गाडीत घालून आम्ही सावेडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणले.

चार-पाच दिवसांनी तो डावा पुढचा पाय चाटू लागला.

प्रथम कोणाच्या लक्षातही आले नाही. कुत्री अंग चाटतातच. पण रात्री सगळीकडे सामसूम झाली की बाहेरच्या खोलीतून चप् चप् चप् असा एकसुरी आवाज येऊ लागला. हाक मारली की थांबे. दिवा मालवला की पुन्हा सुरू. पंधरा दिवसांत त्या पांढऱ्या मोज्याचा रंग तपकिरीच्या डबीसारखा झाला. पुढे कळले की कुत्र्याच्या लाळेत जे रंगद्रव्य असते त्याने सतत ओले राहणारे पांढरे केस असे तांबडे-तपकिरी होतात. म्हणजे कुत्रे आपल्या नकळत दिवसभर चाटत असेल तर त्याची नोंद पायावर आपोआप होते. ही नोंद आम्ही रोज पाहत होतो. वाचली मात्र चुकीची.

कारण, कारण आम्हांला ठाऊकच होते ना! ‘अण्णांच्या आठवणीने झुरतोय बिचारा,’ असे सौ. म्हणाली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘मुके जनावर, बोलून कोणाला दाखवणार?’ आमची कन्या आठवीत आहे. तिने त्याला आपली जुनी शाल पांघरली. मला स्वतःला हे स्पष्टीकरण इतके पटले की खरे सांगायचे तर आवडलेच. अण्णांचे दुःख मला नीट करता आले नव्हते. दहावा, तेरावा, बँकेचे कागद, सात-बाऱ्यावरची नावे यांतच तीन महिने गेले. आता घरातले कोणीतरी माझ्या वाटचे दुःख करीत होते. रात्री तो चप् चप् आवाज ऐकत मी पडून राहत असे, आणि उठून दिवा लावावा असे मला वाटत नसे.

दुःख करणाऱ्याला औषध देत नाहीत. पण पाय ओला राहतो, लाल दिसतो, म्हणून आम्ही वरवरचे उपाय केले. त्यांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याकडेही हेच सुचवणारे लोक येणार आहेत. सौ.ने हळद आणि खोबरेल तेल लावले. मोतीने ते शिऱ्यासारखे चाटून संपवले आणि पिवळ्या तोंडाने आणखी आहे का म्हणून पाहत राहिला. कडुलिंबाचा रस लावला. तोंड वाकडे करीत त्याने तोही चाटला. कन्येने पायाला मोजा चढवून वर दोरी बांधली. मोजा सकाळी सापडला, अर्धा. ती दोरी तशीच राहिली असती तर घट्ट बांधण्याने पंजाचा रक्तपुरवठा अडला असता, हे तेव्हा आम्हांला सुचले नाही. महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांनी तिखट लावायला सांगितले. ओल्या, सोललेल्या कातडीवर तिखट! सुदैवाने तेवढी बुद्धी शाबूत होती. एका वृद्ध गृहस्थांनी रॉकेलचा बोळा सुचवला. रॉकेलने कातडी भाजते, आणि चाटून पोटात गेले तर विषबाधा होते. माणसांच्या मलमांचेही तेच. आपल्या घरच्या पुष्कळ मलमांत झिंक असते, वेदनाशामक द्रव्ये असतात. आपण ती चाटत नाही म्हणून आपल्याला सोसतात. कुत्रा औषध लावून घेत नाही, तो ते खातो. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांसारख्या माणसांच्या गोळ्या तर डॉक्टरला विचारल्याशिवाय त्याला कधीच देऊ नयेत. आपल्याला साधी वाटणारी गोळी त्याच्या मूत्रपिंडाला, यकृताला महागात पडते.

दिवाळी आली. फटाक्यांच्या आवाजाने मोती पलंगाखाली शिरला आणि तेथे चाटत बसला. झाले! दुःखाला आता भीतीची जोड मिळाली. आमचे निदान अधिकच भक्कम झाले.

दिवाळीनंतर महाविद्यालय उघडले. पदवीच्या वर्गाला मी रसविचार शिकवतो. त्या दिवशी करुणरस निघाला होता. पुस्तकातली उदाहरणे मुलांना पाठ असतात. म्हणून मी आमच्या मोतीची गोष्ट सांगितली. अण्णांची काठी, रिकामे घर, रात्रीचा तो आवाज. गोष्ट चांगली रंगली. पुढच्या बाकावरच्या एक-दोघी डोळे टिपू लागल्या. मला अध्यापनाचे समाधान वाटू लागले होते, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. पाथर्डीकडच्या मेंढपाळाच्या घरातली, वर्गात फारशी न बोलणारी. ती म्हणाली,

‘सर, पण त्याचा पाय कोणी बघितला का?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे बोटांमधी. आमच्याकडं जनावर पाय उचलाया लागलं की आधी खूर बघत्यात.’

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना हसू मावळले होते. सहा आठवड्यांत आम्ही त्या पायाला हळद लावली, मोजा लावला, कथा लावली. पंजा उलटा करून बोटे फाकवून कोणी पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी पाहू गेलो तर मोतीने, ज्याने जन्मात कोणावर दात दाखवले नव्हते, त्याने माझ्यावर गुरगुर केली. दोन बोटांच्या बेचक्यात एक सुजलेला, ओलसर गड्डा होता आणि त्याच्या टोकाला बारीक छिद्र.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे नेले. डॉक्टरबाई तरुण होत्या. किती दिवस झाले, असे विचारल्यावर मी सहा आठवडे म्हणालो आणि अण्णांची हकीकत सुरू केली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, ‘दुःख असेलही. पण दुःखाने बोटांच्या मध्ये गळू होत नाही. कुठल्या गवतातून फिरून आलाय?’

थोडी भूल देऊन त्यांनी ते छिद्र मोठे केले, चिमटा आत घातला आणि दीड-एक बोटभर आतून एक काळपट काडी बाहेर काढून माझ्यापुढच्या ताटलीत ठेवली. कुसळ!

‘आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, पण दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते’ ही म्हण मी वीस वर्षे मुलांना समजावून देतो आहे. कुसळ मी असे जवळून त्या दिवशी प्रथमच पाहिले. मोठी विलक्षण वस्तू आहे. आमच्या कमी पावसाच्या माळांवर कुसळी गवत माजते. शास्त्रज्ञांनी त्याला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस असे नाव दिले आहे, आणि त्यातल्या कॉन्टॉर्टसचा अर्थ ‘पिळलेला’. पावसाळा सरला की त्याचे बी पिकते. बियाचे टोक सुईसारखे, त्यावर मागे वळलेली ताठ लव, आणि मागच्या बाजूला लांब शेपटी, दोरीसारखा पीळ भरलेली. ही शेपटी ओली झाली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा भरतो. आणि त्या फिरण्याने बी गिरमिटासारखे जमिनीत शिरते. मागे वळलेल्या लवेमुळे त्याला पुढे जाता येते, मागे येता येत नाही. निसर्गाने ही योजना मातीसाठी केली. पण मेंढीची लोकर किंवा कुत्र्याच्या बोटांची बेचकी आणि माती यांतला फरक बियाला कळत नाही. शिरले की ते कातडीतून, मांसातून पुढेच सरकत राहते. मेंढपाळांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे; संध्याकाळी कळप बसला की त्यांचे हात आपोआप जनावरांच्या अंगावरून, पायांतून फिरतात.

दसऱ्यानंतरचे ते दोन दिवस, माळावरची ती फेरी! ज्या दिवशी मोतीने अण्णांचे घर सोडले, त्याच दिवसांत ते कुसळ त्याच्या पायात शिरले होते. दोन कारणे हातात हात घालून आली, आणि मी त्यांतले जे साहित्यात बसते ते उचलले. आमच्या अलंकारशास्त्रात हेतूत्प्रेक्षा म्हणून एक प्रकार आहे. जे कारण नाही त्याला कारण कल्पायचे, आणि ते शोभून दिसायचे. कवितेत तो अलंकार आहे. मोतीच्या बाबतीत त्याची किंमत सहा आठवड्यांचा पू आणि ठणका एवढी झाली, आणि ती मी भरली नाही.

‘पण तो चाटत होता ते बरेच ना? कुत्र्याच्या जिभेत औषध असते म्हणतात,’ सौ.ने विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तपासून पाहिले, तेव्हा कुत्र्याची लाळ काही थोड्या जंतूंना मारक आढळली. पण त्याच तोंडात दुसरे शेकडो जंतू असतात, जीभ खरखरीत असते, आणि सतत ओली राहिलेली कातडी कुजते. शिवाय चाटले की घटकाभर खाज शमते, ठणका बोथट होतो. म्हणून तो पुन्हा चाटतो. त्याने जखम वाढते, खाज वाढते, आणि रहाटगाडगे चालू होते.

हे रहाटगाडगे थांबवायला मोतीच्या गळ्यात प्लॅस्टिकचे नरसाळे आले. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी दरबारी लोक जी चुणीदार गोल गळपट्टी घालीत, तिच्यावरून याला एलिझाबेथन कॉलर म्हणतात. राणीच्या दरबारात ती कशी शोभत असेल ती असो. मोती मात्र दाराच्या चौकटीला, फ्रिजला, माझ्या पोटऱ्यांना धडकत दोन आठवडे घरभर हिंडला. पाण्याचे भांडे त्यात मावेना, म्हणून पसरट ताट उंचावर ठेवावे लागले. दया येऊन कॉलर ‘जरा वेळ’ काढू नका, अशी डॉक्टरबाईंनी सक्त ताकीद दिली होती. त्या जरा वेळात आठ दिवसांची भर निघून जाते.

त्याला तसे बसलेले पाहून मला आमच्या लहानपणीच्या कुत्रा छाप रेकॉर्डची आठवण झाली. कर्ण्यासमोर मान तिरकी करून बसलेला तो कुत्रा खराखुरा होता. त्याचे नाव निपर. १८८४ साली ब्रिस्टलला जन्मला. मालक मार्क बॅरॉड १८८७ साली वारला, तेव्हा निपर त्याच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिसकडे आला. फ्रान्सिसने ते चित्र काढले ते निपर मेल्यावर. चित्रात आधी निराळे यंत्र होते. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीसाठी त्याने तेथे ग्रामोफोन रंगवला. म्हणजे निपरही मोतीसारखाच, मेलेल्या माणसामागून दुसऱ्याच्या घरी आलेला. पण हे मी वर्गात सांगितले नाही. एकदा हात पोळले होते.

जखम तीन आठवड्यांत भरली. गोळ्या मध्येच सोडल्या नाहीत, एवढे श्रेय सौ.ला. या तीन आठवड्यांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी जे ऐकले त्यावरून लक्षात आले की कुसळ हे अनेकांतले एक कारण. पिसवा आणि गोचीड ही तर घरोघरची. काही कुत्र्यांना धुळीची, परागांची, तर काहींना रोजच्या खाण्यातल्याच एखाद्या पदार्थाची अॅलर्जी असते. ती बहुधा चारही पंजे चाटतात, कानही खाजवतात. खाण्याचा संशय असला तर दोन महिने एकच ठरावीक अन्न देऊन पाहावे लागते, आणि त्या काळात पाहुण्याने टाकलेला एक बिस्किटाचा तुकडाही हिशेब बिघडवतो. बोटांत बुरशी होते, कातडीत सूक्ष्म किडे होतात. ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाहीत. म्हातारा कुत्रा गुडघा किंवा मनगट चाटीत असेल तर आतला सांधा दुखत असण्याचा संभव असतो. एकच पाय, एकच जागा, एकाएकी सुरुवात, असे झाले तर आधी काटा शोधावा. मला हे बाकावर कळले. पाथर्डीच्या मुलीला ते घरीच माहीत होते.

येथे लेख संपायला हवा होता. पण संक्रांतीच्या सुमारास मोती उजवा पाय चाटू लागला.

या वेळी मी शहाणा झालो होतो. पंजा उलटा केला, बोटे फाकवली. काही नाही. डॉक्टरबाईंनी कातडी पाहिली, सांधा पाहिला, क्ष-किरण छायाचित्र काढले. काही नाही. चाटण्याची जागाही निराळी होती, मनगटाच्या पुढच्या बाजूला. तेथे एक रुपयाएवढी जागा गुळगुळीत होऊ लागली होती. हे वेळीच आवरले नाही तर तेथे कठीण, बिनकेसांचा घट्टा होतो आणि तो मग महिनोन् महिने हटत नाही, असे त्या म्हणाल्या. आणि विचारले, ‘कधी चाटतो?’

आम्ही चार दिवस वही ठेवली. संध्याकाळी पाच ते सात.

‘पाच वाजता घरी कोण असतं?’

कोणी नसते. मी महाविद्यालयातून सहानंतर येतो, सौ. बँकेतून साडेसहाला, कन्या शिकवणीला. आणि गावी पाच वाजता? पाचला अण्णा काठी घेऊन निघत. पारापर्यंत, तेथून देवळापर्यंत, ओढ्याकडून परत. आठ वर्षे, पावसातसुद्धा.

डॉक्टरबाई माझ्याकडे पाहून हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या एवढेच म्हणाल्या, ‘आता तुमची गोष्ट सांगितलीत तरी चालेल.’ मग त्यांनी सांगितले की रिकामा, कोंडलेला कुत्रा चाटण्याला लागतो आणि पुढे कारण सरले तरी सवय उरते. अमेरिकेतल्या ज्युडिथ रॅपोपोर्ट या मानसोपचारतज्ज्ञ पुन्हा पुन्हा हात धुण्यासारख्या माणसांच्या अनिवार सवयींचा अभ्यास करीत. त्यांनी १९९२ साली हेच कुत्र्यांवर पाहिले. माणसांचा हा विकार ज्या औषधांनी कमी होतो, त्यांतल्या काहींनी पाय चाटणाऱ्या कुत्र्यांचे चाटणेही कमी झाले. माझी एक आत्या दिवसातून चाळीसदा हात धुई. सगळे तिला सोवळ्याची म्हणत. तिचे हातही मनगटापर्यंत सोलवटलेले असत. तिच्याही बाबतीत कोणी हात उलटून पाहिले नाहीत.

मोतीला गोळ्यांची गरज लागली नाही. मी प्राचार्यांना भेटून शेवटचा तास सकाळी घेतला. पाच वाजता आम्ही दोघे निघतो. सावेडीत ओढा नाही, देऊळ आहे. पाऊण तास चालतो. म्हणजे तो हुंगतो आणि मी उभा राहतो. ज्या दिवशी मला जमत नाही त्या दिवशी कन्या भाकरीचे तुकडे जुन्या गोणपाटात गुंडाळून ठेवते. ते सोडवण्यात त्याचा अर्धा तास जातो. चाटू लागला की ओरडायचे नाही. ओरडणे हेही त्याला लक्ष देणेच वाटते. उठायचे, हाक मारायची, दुसरे काही काम द्यायचे. चाटणे पार गेले का? नाही. पावसाळी संध्याकाळी, वीज गेली की तो अजून पायाकडे वळतो. पण गुळगुळीत जागेवर केस आले आहेत, पांढरे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा माळावर कुसळे पिकलेली असतील. सुटीत पुष्कळ मंडळी कुत्र्यांसह गावी जातील, म्हणून हे सांगितले.

यंदा श्रावणात अण्णांच्या वर्षश्राद्धाला आम्ही मोतीला घेऊन गावी गेलो. गाडीतून उतरताच तो सुटला तो थेट पारापर्यंत गेला, तेथे थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. गवत अजून हिरवे होते, कुसळ धरायला बराच अवकाश होता. तरी निघताना कन्या ओसरीच्या पायरीवर बसली, मोतीला तिने मांडीवर आडवा केला आणि एकेक बोट फाकवून पाहिले. तीन पंजे स्वच्छ निघाले. चौथ्यात एक सराटा होता. तो तिने उपटून अंगणाबाहेर फेकला, आणि मग आम्ही दाराला कुलूप लावले.